कोणीतरी ते तेल विकत घेतले

(आगमनकाळातील अभ्यासपाठ. वाचन : २ राजे ४:१-७)



आगमनकाळ लागला की आपल्या घरांत दोन याद्या तयार होऊ लागतात. एक पापनिवेदनाची आणि दुसरी बाजाराची. पहिली बहुधा लहान असते आणि ती आपण मनातच ठेवतो. दुसरी वहीच्या पानावर लिहिली जाते : मुलांचे कपडे, बांगड्या, रवा, मैदा, तेल, कागदी तारा, मटण. आजच्या पाठात या दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या आहेत.

सणाच्या तोंडावर आभाळ कसे फिरते हे आपल्या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ हा दिवस आठवा. रविवार होता, ख्रिस्त राजाचा सण होता. त्याच सुमारास उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला, काही ठिकाणी गारा पडल्या. नंदुरबार शहराभोवतीच्या पथारींवर त्या वेळी लाल मिरची वाळत पडली होती. पथारी म्हणजे काय हे आपल्यातील अनेक भगिनींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, कारण त्यांचे हिवाळ्याचे दिवस तिथेच जातात. शेतकरी ओली मिरची बाजार समितीत आणतो, व्यापारी ती विकत घेऊन उघड्या रानात पसरतो, दिवसचे दिवस ऊन देतो, मग देठ खुडून माल पोत्यात भरला जातो. या मधल्या दिवसांत पाऊस आला तर ताडपत्री घालायलाही वेळ मिळत नाही. भिजलेली मिरची रंग सोडते, फटकी होते आणि तिचा भाव पडतो.

वर्तमानपत्रांत अशा वेळी किती क्विंटल माल भिजला याची बातमी येते. तो आकडा मोठ्या व्यापाऱ्याचा असतो आणि त्याचे नुकसान खरेच असते. पण पथारी बंद राहिली की देठ खुडणाऱ्या बाईची मजुरी बुडते, तिला चहा विकणाऱ्याची किटली भरलेलीच राहते, पोती वाहणाऱ्या टेम्पोला भाडे मिळत नाही, आणि ज्या किराणा दुकानातून ती बाई आठवड्याचे सामान नेते त्या दुकानाच्या वहीत तिच्या नावापुढे आणखी एक ओळ वाढते. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

याआधीही आपण हे पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आढळला. देशातील ती पहिलीच घटना होती. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अंडी-कोंबडी विकणाऱ्या लहान माणसांचा धंदा एका आठवड्यात बसला. २०२१ साली पुन्हा तेच झाले. मध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने रंगावलीला पूर आला, माणसे दगावली, घरे वाहून गेली, नदीकाठची दुकाने चिखलाने भरली. नाताळ चार महिन्यांवर होता.

त्या पुरानंतरची माझी एक चूक तुम्हाला सांगतो. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. मदतीसाठी निरोप पाठवले आणि लोकांनी खरोखर मोकळ्या हाताने दिले. कपड्यांची पोतीच्या पोती आली. पहिल्या आठवड्यात त्यांची गरज होती, कारण अंगावरच्या कपड्यांवर निघालेली माणसे होती. पण पोती येतच राहिली, आणि आम्ही ती ऑक्टोबरपर्यंत वाटत राहिलो. एके दिवशी वाटप चालू असताना बाजारात कपडे विकणारा एक फेरीवाला बाजूला येऊन उभा राहिला. त्याचा माल पुरात गेला होता. मला वाटले, तोही घ्यायला आला आहे; मी एक शर्ट पुढे केला. तो म्हणाला, “नको फादर. मी विचारायला आलो होतो, अजून किती दिवस वाटणार? मी सुरतेहून उधारीवर थोडा माल आणलाय. तुम्ही फुकट देताय तोवर माझ्याकडून कोण घेईल?” त्याच्या आवाजात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी उरलेली पोती बांधून ठेवली, पण त्याचा एक महिना आम्ही खाल्ला होता.

दान वाईट असते असे मी म्हणत नाही. चूल पेटत नाही तेव्हा शिधाच द्यावा लागतो. पण शिध्याचे दिवस संपतात आणि त्यानंतर एक लांब काळ सुरू होतो. त्या काळात दुकान उघडलेले असते, मालक बसलेला असतो, आणि गिऱ्हाईक येत नसते. या काळाविषयी पवित्र शास्त्र काही सांगते काय? सांगते, आणि फार नेमके सांगते.

आजचे वाचन काढा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा गेला आहे, कर्ज राहिले आहे, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी यायच्या बेतात आहे. अलीशा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि थोडीथोडकी आणू नको असेही बजावतो. ती दार लावून घेते, मुले भांडी पुढे करतात, ती ओतत जाते. भांडी संपतात तेव्हा तेल थांबते. ती संदेष्ट्याला येऊन सांगते. तो म्हणतो, जा, तेल वीक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले गुजराण करा.

हा पाठ आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि तिथेच थांबतो. थोडे हळू वाचू या. अलीशाने पैसे दिले नाहीत, धान्य दिले नाही. त्याने पहिला प्रश्न केला तो गेलेल्या गोष्टींविषयी नव्हे, उरलेल्या गोष्टीविषयी. पूर ओसरल्यावर आपण दुकानदाराला विचारतो, “किती गेले?” तो आकडा सांगतो, आपण च्-च् करतो आणि पुढे जातो. “काय वाचले?” असे विचारले तर बोलणे वेगळ्या रस्त्याला लागते. शिलाई मशीनचे लाकूड फुगले पण लोखंडी डोके ठीक आहे. काटा गेला पण मापे आहेत. हात शाबूत आहेत, गिऱ्हाइकांची नावे पाठ आहेत.

दुसरे, शेजारी. त्यांनी तेल दिले नाही, भांडी दिली, तीही रिकामी आणि परत घेण्याच्या बोलीवर. ज्या घरावर सावकाराचा डोळा आहे त्या घरात आपले भांडे पाठवणे सोपे नसते. जप्तीत तेही जायचे. तरी त्यांनी दिले. आणि तेल किती वाढले? जेवढी भांडी मिळाली तेवढे. देवाने आपल्या कृपेचे माप शेजाऱ्यांच्या हातात ठेवले होते.

तिसरी गोष्ट शास्त्रात लिहिलेलीच नाही. तेल वीक, असे संदेष्टा म्हणाला. मग कोणीतरी ते विकत घेतले असणार. त्यांची नावे नाहीत, चेहरे नाहीत, एक ओळसुद्धा नाही. पण ते आले नसते तर काय झाले असते? त्या बाईच्या घरात भांड्यांच्या रांगा लागल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सावकार मुलांना घेऊन गेला असता. त्या गिऱ्हाइकांनी तरी काय केले? घरात तेल लागत होते, ते तिच्याकडून घेतले आणि रोख पैसे मोजले. दिवे लावले, भाकरीला लावले. त्यांतील कित्येकांना आपण कोणाची तरी मुले सोडवली हे कळलेही नसेल.

आपल्या काळातही अशी गिऱ्हाइके होऊन गेली. रंगावलीला पूर आला त्याच आठवड्यात, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळ बुडाले होते. एर्नाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम नावाचे हातमागाचे गाव आहे. ओणम २५ ऑगस्टला होता, आणि ओणमच्या विक्रीसाठी विणकरांनी साड्या-मुंडू तयार करून ठेवले होते. वर्षाची मुख्य कमाई तीच. मागांत पाणी शिरले, माल चिखलाने माखला. काही लोकांनी त्या डागाळलेल्या साड्या जाळू दिल्या नाहीत. त्या धुऊन, निर्जंतुक करून, त्यांच्या तुकड्यांच्या लहान बाहुल्या केल्या आणि त्यांना ‘चेकुट्टी’ नाव दिले. एक साडी विकली असती तर सुमारे तेराशे रुपये मिळाले असते. तिच्या ३६० बाहुल्या झाल्या आणि प्रत्येकी २५ रुपयांना विकल्या तर ९,००० रुपये. हजारो लोकांनी बाहुल्या वळायला हात लावला, दूरदूरच्या लोकांनी त्या विकत घेतल्या आणि पैसे विणकरांकडे गेले. अलीशाचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो : तुझ्या घरात काय आहे? डागाळलेली साडी.

मला स्वतःला त्या बाहुलीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. बाहुली एकदा घेतली जाते, कौतुकाने. विणकराला हवे असते ते पुढच्या ओणमचे गिऱ्हाईक, जे साडीच घेईल, दयेसाठी नव्हे तर साडी चांगली आहे म्हणून.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला चिपळूणचा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. करोनाच्या टाळेबंदीतून दुकाने नुकती सावरत होती. गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला, म्हणजे बरोबर पन्नास दिवसांवर. कोकणात गणपती म्हणजे व्यापाराचा सर्वांत मोठा हंगाम. शासनाने मदत जाहीर केली ती अशी : दुकानदाराला जास्तीत जास्त ५०,००० रुपये आणि टपरीवाल्याला जास्तीत जास्त १०,०००. ज्याचा लाखांचा माल चिखलात गेला त्याला यात चिखल काढून, रंग मारून, थोडा माल भरता येतो, एवढेच. बाकीचे अंतर भरून काढायचे ते गिऱ्हाइकाने. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडेही हेच झाले : पूर ऑगस्टमध्ये आणि गणपती २ सप्टेंबरला. कुंभारांच्या रंगवून ठेवलेल्या मूर्तीच पाण्यात भिजल्या. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर २००५ च्या पुरातच खचली होती. मिरचीच्या पथारींवरून मला त्यांची नेहमी आठवण येते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा व सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, तिच्यामागे महिन्याभरात दिवाळी आली. सण आपली तारीख बदलत नाही. पडलेल्या दुकानदाराला तो दिवस गाठावाच लागतो, कारण तो हुकला तर पुढचा वर्षाने येतो.

आता ती वहीची ओळ.

आपल्या गावांत आणि पाड्यांवर लहान दुकान उधारीवर चालते. कापूस, मिरची, ऊसतोड, मजुरी यांचा पैसा ठरावीक दिवसांत येतो आणि चूल मात्र रोज पेटते. मधले दिवस दुकानदार सांभाळतो. एका अर्थाने तोच आपला शेजारी, ज्याने आपल्याला भांडे दिले. आता पाहा, पुरात किंवा पावसात त्याचे काय काय जाते. माल जातो, तो दिसतो. तलाठी पंचनामा करतो, फोटो निघतात. पण वहीही भिजते. शाई पसरते, पाने चिकटतात. आणि उधारीच्या वहीचा पंचनामा होत नाही. दुकानदाराची अर्धी मालमत्ता दुकानात नसतेच, ती आपल्या घरांत असते, आपण खाल्लेल्या तांदळाच्या आणि डाळीच्या रूपाने.

मग प्रश्न उभा राहतो तो असा. वही गेली. दुकानदाराला नक्की आकडा आठवत नाही. कदाचित आपले नावही आठवत नसेल. साक्षीदार नाही. देणे आहे की गेले?

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायावरील भाग शिकवला गेला तेव्हा तो मला कोरडा वाटला होता. पाड्यांवर फिरायला लागल्यावर तो ओला झाला. ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. जे माझे आहे त्यातून मी दुसऱ्याला देतो ते दान. जे मुळात दुसऱ्याचेच आहे ते त्याला परत करणे म्हणजे न्याय, परतफेड. दान मी किती द्यावे याला मोकळीक आहे. परतफेडीला ती मोकळीक नाही, आणि परतफेड केल्यावाचून तारण नाही असे ते स्पष्ट म्हणतात. पुराच्या पाण्याने कागद नाहीसा होतो, देणे नाहीसे होत नाही, कारण देणे कागदात कधी नव्हतेच. ते दोन माणसांमध्ये होते. कागद आठवणीसाठी होता. एकाची आठवण पाण्याने नेली असेल तर दुसऱ्याच्या आठवणीवर जबाबदारी दुप्पट होते.

म्हणून आगमनकाळात मी तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती खरेदीची नाही. आधी उधारी चुकती करा. ज्याचे दुकान भिजले त्याची तर आधी. रक्कम नक्की आठवत नसेल तर घरात बसून प्रामाणिक अंदाज करा, नवरा-बायको दोघांनी मिळून करा (बायकांना अधिक बरोबर आठवते), आणि अंदाज दोन आकड्यांमध्ये अडकला तर मोठा आकडा धरा. एकदम जमत नसेल तर जाऊन सांगा : दादा, माझ्याकडे अंदाजे इतके निघतात, आज इतके घ्या, उरलेले होळीपर्यंत. हे सांगणेदेखील त्याच्या कामाचे आहे. घाऊक व्यापाऱ्यासमोर उभे राहताना त्याला सांगता येते की माझे इतके येणे आहे. दुकानदार वारला असेल तर त्याच्या मुलाबाळांना द्या. कोणीच सापडत नसेल, नीट शोध घेऊनही, तरच ती रक्कम गरिबांना द्यावी. त्याआधी नाही. उधारी ठेवून दानपेटीत पैसे टाकू नका. ते पैसे दुसऱ्याचे आहेत.

ज्यांच्याकडे आज खरोखरच नाही त्यांनी या पाठाने घाबरून जाऊ नये. देव नसलेले मागत नाही. नुसते तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जाऊ नका, एवढेच.

आता खरेदी. दरवर्षी नाताळाआधी आपल्यातील बरीच मंडळी गाडीत बसून सुरतेला जातात, पिशव्या भरून आणतात. ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत गेलेले काही जण सणाला येतानाच तिकडून सर्व घेऊन येतात. तरुण मंडळी मोबाइलवर मागवतात. यात पाप आहे असे मी म्हणणार नाही. पाच मुलांच्या आईला शंभर रुपये वाचत असतील तर ते शंभर रुपये तिच्या मुलांचे आहेत, आणि त्यांच्यावर पहिला हक्क मुलांचाच. फक्त हिशेब पूर्ण करा एवढीच विनंती. गाडीभाडे धरा, बुडालेली मजुरी धरा, उसवलेली शिवण धरा. आणि आणखी एक रकाना ठेवा : जुलैत घरी आजारपण आले तेव्हा मला कोणी उधार दिले होते? सुरतेच्या दुकानाने दिले नव्हते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली आपल्या विश्वपत्रात लिहिले की खरेदी ही नुसती पैशाची बाब नसून प्रत्येक वेळी ती एक नैतिक कृतीही असते. ते जगभरच्या ग्राहकांसाठी लिहीत होते, पण ते वाक्य आठवडे बाजारातही चालते.

सगळी यादी गावात घ्या असे नाही. यादीतील एक-दोन गोष्टी अशा निवडा की ज्या इथे बनतात किंवा इथला माणूस हाताने करतो. शिलाई, टोपली, सूप, मडके, तारा, हळद-मिरचीची पूड, कोंबडी. या वस्तूंचे पैसे गावातल्या हातांपर्यंत लवकर पोहोचतात आणि तिथून पुन्हा गावातच फिरतात. कारखान्याचे बिस्किट गावच्या दुकानातून घेतले तरी दुकानदाराच्या हाती थोडेच उरते. तरी तेही तिथूनच घेतलेले बरे.

आणि घासाघीस? बाजारात भाव करणे हा आपला रिवाज आहे, त्यात गंमतही आहे. पण समोरचा अडलेला आहे हे पाहून भाव पाडणे ही गंमत राहत नाही. संत थॉमस यांनी विकणाऱ्याला बजावले आहे की गिऱ्हाइकाची गरज मोठी आहे एवढ्यावरून किंमत वाढवू नको, कारण ती गरज काही तुझ्या मालकीची नाही, ती तू विकू शकत नाहीस. पूर आल्यावर मेणबत्ती आणि पाण्याची बाटली दुप्पट भावाने विकणाऱ्यांनी हे ऐकावे. आपल्यातही दुकानदार आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले. तोच न्याय उलट बाजूनेही लागतो : विकणाऱ्याची अडचणही गिऱ्हाइकाच्या मालकीची नसते. याच ठिकाणी ते आणखी एक बारीक गोष्ट सांगतात. ज्याला वस्तूचा मोठा फायदा झाला त्याने आपणहून थोडे अधिक दिले तर ते शोभणारे आहे. म्हणजे सुटे दोन-पाच रुपये परत न मागणे ही गोष्ट तेराव्या शतकातल्या संताच्याही ध्यानात होती.

ज्यांच्याकडे थोडे अधिक आहे (पगारदार, शिक्षक, नर्स, निवृत्त मंडळी), त्यांनी आणखी एक करावे : आगाऊ पैसे द्यावेत. टेलरला कापडाबरोबर निम्मी शिलाई आधी द्या. टोपल्या करणाऱ्या मावशींना बांबू घेण्यापुरते पैसे आताच द्या. सणाच्या दिवशी दिलेल्या शंभरापेक्षा तीन आठवडे आधी दिलेले पन्नास त्यांच्या अधिक उपयोगी पडतात, कारण ते नसले तर त्यांना व्याजाने आणावे लागतात. बाराव्या शतकातील यहुदी विद्वान मोशे मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची कोणती? माणसाला उसने देणे, भागीदारीत घेणे किंवा काम मिळवून देणे, म्हणजे त्याला पुढे हात पसरावा लागणार नाही.

आणि उसने देणाऱ्यांसाठी मोशेच्या नियमशास्त्रातील एक छोटी आज्ञा (अनुवाद २४:६) : कोणी जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. घरातील जाते गेले तर दळणार कशावर आणि फेडणार कशातून? आज जात्याच्या जागी शिलाई मशीन आहे, हातगाडी आहे, मसाल्याची चक्की आहे. यांपैकी काही कोणाच्या घरी गहाण पडून असेल तर ते नाताळाआधी परत जाऊ द्या. पैसे नंतर येतील. मशीन कोपऱ्यात ठेवून ते येणार नाहीत.

काही व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पावसाने नुकसान झाले तर साफसफाई करण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करा. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची पीएम स्वनिधी ही कर्जयोजना २०२० पासून आहे. २०२५ मध्ये तिची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवली गेली आणि पहिला हप्ता दहाऐवजी पंधरा हजारांचा झाला. नगरपालिकेत चौकशी करावी. दुकानाचा विमा काढताना तो फक्त आगीचा आहे की पुराचाही, हे सही करण्याआधी विचारा. लहान धंद्यांसाठी २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर धरलेला असतो. ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांनी मिस्सानंतर थांबावे. आपले दोन तरुण लिहून देतील.

आता आपल्या चर्चचे. तुम्हाला शिकवून आपण मोकळे व्हावे हे बरे नाही, म्हणून पॅरिश कौन्सिलमध्ये ठरले ते सांगतो. यंदा गव्हाणीचा गोठा शहरातून तयार आणायचा नाही. बांबू आणि विणकाम आपल्याच भागातल्या कारागिरांकडून घ्यायचे, सांगतील तो भाव द्यायचा आणि निम्मे पैसे आधी. बालगोपाळांच्या नाटकाचे कपडे बाजारातल्या टेलरकडे शिवायला टाकले आहेत; मापे पुढच्या रविवारपर्यंत द्यावीत, उशीर झाला तर त्यांना रात्री जागावे लागते. मध्यरात्रीच्या मिस्सानंतरचा चहा आणि केक ज्यांची टपरी जुलैच्या वादळात पडली त्यांच्याकडून येईल. केक थोडा कोरडा असतो हे मला माहीत आहे. चहात बुडवून खावा.

आणि एक देणे आपलेही होते. मागच्या सणाच्या मंडपाचे काही पैसे कार्यालयाकडून राहून गेले होते. आज देऊ, उद्या देऊ करत पावसाळा आला, आणि मंडपवाल्याच्या गोदामात पाणी शिरून पडदे कुजले. गेल्या शनिवारी मी स्वतः पैसे घेऊन गेलो. त्यांनी वही काढली. पाने एकमेकांना चिकटली होती, एकेक सोडवत ते बराच वेळ आपले नाव शोधत राहिले. ते काही सापडले नाही. शेवटी म्हणाले, “फादर, तुमचे तर काही दिसत नाही.” मी म्हटले, आमच्या वहीत आहे. त्यांनी पैसे दोनदा मोजले, आणि विचारले की नाताळला मंडप घालायचा आहे का, कारण आता नवे पडदे शिवायला टाकता येतील.